आवाज आला की बोट वर

माझ्या आईला लिहितावाचता येत नाही. हे वाक्य मी लहानपणी लाजून सांगायचे. कॉलेजात गेल्यावर छाती पुढे काढून सांगायला लागले. आणि ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहून, एकदा ओरडून सांगितलं. मला सांगायचंय ते त्या ओरडण्याबद्दल. पण आधी आईचे कान काय होते ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईचं वय झालं, ऐकू कमी येतं, त्यात एवढं काय.

आम्ही डोंबिवली वेस्टला कोपरला राहतो, खाडीकडच्या बाजूला, चाळीत. माणसं मूळची रत्नागिरीकडची. आई शाळेत गेलीच नाही. सही करते, पण ती सही म्हणजे लिहिणं नाही. दारासमोर रांगोळी काढावी तसं ती आपलं नाव काढते. त्यातलं एक अक्षर सुटं करून दाखवलं तर ओळखत नाही. तिचं सगळं जग कानांतून आत यायचं. रेशनवर गहू आलाय का, पाणी उद्या येणार की परवा, कुणाच्या मुलीचं कुठे जुळतंय, सगळं ऐकून. आणि एकदा ऐकलं की पक्कं. चाळीतली माणसं स्वतःचा नवा मोबाइल नंबर तिला विचारायला यायची. शेजारच्या खोलीत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा तिला ठाऊक असायचं, आणि तिथली बाई फोनवर रंगली असली की ही इथून ओरडायची, "गॅस बंद कर गो, डाळीचं पाणी झालं!"

माझा अभ्यासही तिने असाच घेतला. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी धडा मोठ्याने वाचायचा, असा नियम होता. मनात वाचलेलं तिच्या लेखी वाचलेलंच नव्हतं. एकदा खेळायला जायची घाई होती म्हणून मी मधला एक परिच्छेद गाळला. ती पाठमोरीच होती.

"थांब. काल या पोराच्या गावाला नदी होती. आज नदी कुठं गेली?"

"आटली," मी म्हणाले.

"पिठाच्या हाताने थोबाडीत देईन हां. नदी आण आधी."

पिठाच्या हाताची एक तेवढी बसलीही. नदी आणली मी.

निकालाच्या दिवशी तिचा एकच प्रश्न असायचा, "पास ना?" किती टक्के, कितवा नंबर, याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. पास म्हणजे पुढे जायचं, नापास म्हणजे तिथेच राहायचं, एवढं तिला कळत होतं आणि तेवढंच खरं होतं. मी बी.कॉम. झाले. आईच्या माहेरी आणि वडलांकडे मिळून पहिली पदवी. त्या दिवशी तिने चाळीत घरोघरी जाऊन सांगितलं, "पोर सगळंच पास झाली. आता पास व्हायचं काय उरलं नाय." मला ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्सला नोकरी लागली. मी हे मुद्दाम सांगते. मी कुणाच्या ओळखीने कुठे चिकटलेले नाही, आणि ज्यांना पदवी घरच्या कपाटातून मिळते त्यांच्यासमोर मान खाली घालायची मला सवय नाही.

वडील हे बघायला नव्हते. त्यांना टीबी झालेला. गोळ्या घ्यायचे, जरा बरं वाटलं की सोडायचे. पुन्हा खोकला आला की पुन्हा सुरू. शेवटी गोळ्यांनी दाद देणं बंद केलं. मी तेव्हा बारावीत होते. आईने त्या मरणाचं कारण एका वाक्यात बसवलं आणि आयुष्यभर तेच सांगितलं: "औषध मध्येच सोडलं, म्हणून गेले." दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टरही तेच सांगत होतं. आईला पोस्टर वाचता येत नव्हतं, पण ते तिच्याइतकं कुणी पाळलं नसेल.

काही वर्षांनी आईला खोकला सुरू झाला. तपासण्या झाल्या. साध्या गोळ्यांना न जुमानणारा टीबी. ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलात, नाव घेत नाही, डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या तर आहेतच, शिवाय रविवार सोडून रोज एक इंजेक्शन, आणि हे काही महिने चालणार. इंजेक्शन कोपरजवळच्या दवाखान्यात घ्यायचं, दर महिन्याला तपासायला ठाण्याला यायचं.

"याने कधी कधी कानाला त्रास होतो," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणून दर महिन्याला कानाची टेस्ट करायची. खाली तळमजल्याला होते. नेक्स्ट."

समजावणं एवढंच. कानाला त्रास म्हणजे काय, टेस्ट कशासाठी, ती बिघडली तर पुढे काय करणार, यातलं एक अक्षर नाही. 'नेक्स्ट' म्हणेपर्यंत मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

टेस्टची खोली एक्स-रेच्या शेजारी, आणि तिच्यात प्लायवूडची एक कॅबिन. आत भिंतींना फोम चिकटवलेला, जागोजागी उपटलेला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून ती कॅबिन. पण तिचं दार ओल येऊन फुगलेलं, ते लागायचंच नाही. आत पंखा नव्हता. पेशंट घुसमटतात म्हणून कुणीतरी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली, आणि ती तशीच राहिलेली. दाराबाहेर टेबल, टेबलावर मशीन, मशीनसमोर टेस्ट घेणारा. तिशीचा असेल, हसतमुख. मला त्याच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. दिवसभर एकटा माणूस किती डोकी तपासत होता ते मी पाहिलंय.

त्याने आईच्या कानांवर हेडफोन बसवण्याआधी सांगितलं, "मावशी, यातून टीं-टीं असा आवाज येईल. अगदी बारीक आला तरी बोट वर करायचं. आवाज गेला की खाली."

"आणि नाय आला तर?"

"तर नाही करायचं."

"मग मार्क कापणार?"

तो हसला. "मार्क नाहीत हो मावशी यात."

आई बसली पाठ ताठ करून. तोंडी परीक्षेला बसल्यासारखी. आवाज येई तसं बोट वर, खाली, वर, खाली. बाहेर आल्यावर पहिलं त्यालाच विचारलं, "पास काय मी?"

"पास? फर्स्ट क्लास!"

मीही हसले. परत स्टेशनकडे जाताना आई म्हणाली, "मी पण एक परीक्षा दिली गो." खूश होती. सुईने कंबर दुखायची, धड बसता यायचं नाही, तरी त्या दिवशी खूश होती.

पुढची टेस्ट नवरात्रात आली. टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद, रिक्षावाले नाही म्हणतात, आम्ही चालतच गेलो. हॉस्पिटलच्या तळमजल्यापर्यंत ढोल येत होता. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरताना दिसत होता.

मी म्हणाले, "एवढ्या आवाजात कसली टेस्ट घेताय?"

"मॅडम, आज नाही घेतली तर पुढची तारीख दिवाळीनंतर. आणि वर साहेबांना पेपर लागतो." मग आईला म्हणाला, "मावशी, बाहेरचा ढोल ऐकायचा नाही हां, मशीनचा ऐकायचा. आणि मॅडम, तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर बाकावर बसले. आई बाहेर आली ती हसत. "पास," म्हणाली. रिपोर्टवर 'नॉर्मल' असा शिक्का.

त्याच दिवसांत घरी भात करपला. आईच्या हातून भात करपणं म्हणजे आमच्या चाळीत बातमी. कुकरच्या शिट्ट्या तिने ऐकल्याच नव्हत्या. मला वाटलं, औषधाने ग्लानी येते, झालं असेल. मग दाराची बेल वाजून वाजून थांबायची आणि आई शेजारीच बसलेली असायची. फोन वाजायचा, तो मी उचलायचा. चिमण्या खिडकीत येऊन कलकलाट करायच्या, त्यांना हाकलणारी बाई आता त्यांच्याकडे बघायचीही नाही. मधूनच डोकं झटकायची, कानाशी डास घोंगावतोय अशी.

"काय होतंय?"

"काय नाय. रातकिडे."

भर दुपारी कसले रातकिडे? पण मी हळू विचारलं तर उत्तर नाही आणि समोर उभं राहून विचारलं तर बरोबर उत्तर. सगळं ऐकू येत असल्यासारखं.

मी रजा टाकून डॉक्टरांकडे गेले. आईला घेऊन.

"डॉक्टर, हिला कमी ऐकू येतंय."

त्यांनी पेपर उलटला. "रिपोर्ट नॉर्मल आहे."

"घरी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. बेल ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी टेबलावर पुढे वाकून, समोरासमोर, खणखणीत आवाजात विचारलं, "मावशी! ऐकू येतं ना?"

"येतं की!" आई म्हणाली.

"बघा. उलट पहिल्यापेक्षा बरा आलाय रिपोर्ट. आणखी काय पाहिजे?"

"कानाला त्रास देणाऱ्या औषधाने कान सुधारले?"

आता त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही काय करता?"

"अकाउंट्सला आहे."

"मी येऊन तुमच्या बॅलन्स शीटमध्ये बोलतो का?" बाजूला उभा असलेला शिकाऊ डॉक्टर हसला. "तुम्हा शिकलेल्या लोकांचाच प्रॉब्लेम असतो. मोबाइलवर वाचून येता. न शिकलेले पेशंट परवडले. सांगितलं ते ऐकतात तरी." आणि आईकडे बघून, "काय मावशी?"

आईने मान हलवली. हो, हो. आज मला कळतं की तिला त्यातला एकही शब्द लागला नव्हता. समोरचा हसून बघतोय तर मान हलवावी, एवढंच तिने केलं.

एक गोष्ट मला नंतर समजली, आणि ती सांगायला कुणालाही अर्धं मिनिट पुरलं असतं. ही औषधं आधी बारीक, टोकदार आवाज खातात. शिट्टी, बेल, चिमणी, टीं-टीं. माणसाच्या बोलण्याचा आवाज त्याच्या खालचा, तो नंतर जातो. म्हणून समोर बसवून मोठ्याने विचारलं की माणूस 'येतं की' म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. म्हणून तर ते मशीन असतं. बोलणं जायच्या आधी कळावं आणि औषध बदलता यावं, यासाठी. तो सगळा खटाटोप त्या एवढ्याशा मधल्या वेळासाठी असतो. आमचा तो मधला वेळ 'नॉर्मल' या शिक्क्याखाली निघून गेला.

त्यानंतरच्या टेस्टला मी बाहेर गेले नाही. "नातेवाईक बाहेर," तो म्हणाला. "नाही जाणार," मी म्हणाले. त्याच्यामागे भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर रांग होती, त्याला वाद घालायला वेळ नव्हता.

आई खुर्चीत. हेडफोन. पाठ ताठ. बोट वर, खाली, वर, खाली. इतकं नेमकं, इतकं झटपट, की मला क्षणभर वाटलं मीच वेडी. मग मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती कुठेतरी बघत होती, आणि जे बघत होती त्यावरून तिची नजर हलत नव्हती. दाराच्या फटीतून, त्याच्या उजव्या खांद्याकडे. तो बटण दाबायचा तेव्हा त्याचा खांदा जरासा उचलायचा. खांदा वर, आईचं बोट वर. खांदा खाली, बोट खाली.

मी पुढे झाले आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"मॅडम, बाजूला व्हा."

"तुम्ही चालू ठेवा."

त्याने बटण दाबलं. मागे मला बटणाची टिकटिक ऐकू येत होती. आईचं बोट मांडीवर पडून. त्याने आवाज वाढवला असावा, परत दाबलं. बोट तिथेच. आई एका बाजूला वाकली, मग दुसऱ्या बाजूला, माझ्या पलीकडचं बघायला. मग वैतागून केवढ्याने तरी ओरडली:

"बाजूला हो गो, दिसत नाय मला!"

मागची टिकटिक थांबली.

त्याने उठून स्वतः खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड करून. पहिल्यापासून टेस्ट घेतली. आई भिंतीकडे बघत बसली. बोट कितीतरी वेळ वर गेलंच नाही. गेलं तेव्हा उशिरा गेलं, आणि काही वेळा मशीनमध्ये काहीच वाजत नसताना गेलं, अंदाजाने. आपल्याला येत नसलेल्या प्रश्नाला पोरं काहीतरी लिहून ठेवतात, तसं.

हेडफोन काढल्यावर तिने विचारलं, "पास?"

तो कागदावर खुणा करत राहिला.

"पास काय रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईचा हात धरून तिला बाहेर नेलं.

बाकावर बसल्यावर ती माझ्यावर उखडली. "कशाला मध्ये तडमडलीस? सगळं नीट चाललेलं."

मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "आई, आवाज येत नव्हता ना?"

"पहिल्या वेळेला येत होता."

"मग सांगायचं ना."

"काय सांगायचं? सुई देते ती सिस्टर म्हणाली, टेस्ट खराब आली की सुई बंद करतात. बंद म्हणजे काय? मध्येच सुटलं ना? तुझ्या बापाचं सुटलं तसं?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तू परीक्षेला बसायचीस तेव्हा मी आलेली कधी तुझ्या वर्गात मध्ये उभी राहायला?"

आता यात मी कुणाला चूक म्हणू? सिस्टर खोटं बोलली नव्हती. आई आयुष्यभर जे शिकली त्याप्रमाणे तिने केलं: औषध सोडायचं नाही आणि नापास व्हायचं नाही. टेस्ट खराब आली तर सुई बंद होते आणि तिच्या जागी दुसरं औषध मिळतं, हा वाक्याचा दुसरा भाग कुणी तिला सांगितलाच नव्हता. माझ्याकडेही तो आला नव्हता. मला यात अपराधी वाटत नाही. मी बोलले होते, वेळेवर बोलले होते, आणि मला बॅलन्स शीटवर पाठवण्यात आलं होतं. मला राग येतो. लोक म्हणतात, सोडून दे. मी सोडत नाही.

डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला. जुना काढून त्याच्या शेजारी ठेवला. वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"पेशंटनेच कोऑपरेट केलं नाही," ते म्हणाले. "आता पेशंटच फसवणार असेल तर आम्ही काय करायचं?"

"खुर्ची तशी कुणी ठेवली होती?"

"कुठली खुर्ची?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. तळमजल्याला ते कधी उतरलेच नव्हते.

इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं, त्याच्या जागी दुसऱ्या गोळ्या आल्या. आई पहिले काही दिवस त्या गोळ्यांकडे संशयाने बघायची, घ्यायची, पण सुईच्या वेळेला दवाखान्यात जायला चपला घालायची. मी म्हणाले, आता कान तरी वाचतील उरलेले. नाही वाचले. औषध बंद झाल्यावरही कान काही दिवस जात राहतात, हेही मला तेव्हाच कळलं. आधी माझं हळू बोलणं गेलं, मग साधं बोलणं, मग ओरडणं. शेवटी शेवटी ती माझ्या ओठांकडे बघायची तशी मी कुणाला देवाकडेही बघताना पाहिलेलं नाही.

टीबी मात्र बरा झाला. पूर्ण. शेवटच्या तपासणीला डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अभिनंदन! मावशी, पास झालात!"

आई माझ्याकडे वळली. "काय म्हणतो गो?"

मी अंगठा वर करून दाखवला. ती हसली. डॉक्टरही हसले आणि मला म्हणाले, "ऐकण्याचं फार टेन्शन घेऊ नका. कानाचं मशीन मिळतं. आणि सोपं आहे, जे सांगायचं ते कागदावर लिहून दाखवत जा."

"तिला वाचता येत नाही!"

मी ओरडले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावायला लागली. शिकाऊ डॉक्टर या वेळी हसला नाही. आई तेवढी समोरच्या कॅलेंडरवरचं चित्र बघत शांत बसली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही शिकलेल्या आहात ना?" ते म्हणाले. "मग शिकवा."

वाईट भावनेने म्हणाले नसतील. मला ते अजून टोचतं ते त्यामुळेच.

मशीन घेतलं. कानात घातल्यावर आई दचकली. "आवाज येतो गो, शब्द येत नाय. मडक्यात तोंड घालून बोलतात तसं." आता ते मसाल्याच्या रिकाम्या डब्यात असतं. चाळीतल्या बायका पूर्वी तिच्याकडे बातम्या घेऊन यायच्या, आता तिच्यासमोर बसून तिच्याबद्दलच बोलतात. तीही हळूहळू कमी बाहेर जाते. बोलते मात्र मोठ्याने, कारण आपला आवाज किती हे तिला कळत नाही. परवा नवरात्रात एका कामासाठी तिला ठाण्याला नेलं होतं. टेंभी नाक्याजवळ गर्दीत ती थांबली, छातीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "वाजतंय. हितं वाजतंय." मी मान हलवली. तेवढंच आता तिच्यापर्यंत पोचतं.

आणि आता म्हणे नव्या पेशंटना ती सुई बहुतेक देतच नाहीत. गोळ्यांवरच भागतं. दवाखान्यातल्या त्याच सिस्टरने सांगितलं, आनंदाने सांगितलं. मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण घरी जाऊन आईला ही बातमी कशी सांगायची ते मला सुचलं नाही, म्हणून ती अजून तिला माहीत नाही.

मी कार्डं आणली. एका बाजूला अक्षर, शेजारी चित्र, बालवाडीत असतात तशी. सुरू केलं तेव्हा कळलं मी काय मागतेय ते. मला 'आ' कसा शिकवला होता? बाई म्हणाल्या, आ, आम्ही म्हणालो, आ. अख्खा वर्ग. अक्षर शिकवतात ते तोंडाने, आणि तेच दार आमच्या घरात बंद झालंय. मी 'आ'वर बोट ठेवलं. आई चित्राकडे बघून ओरडली, "आंबा!" मी परत अक्षरावर बोट ठेवलं. "आंबाच की!" मी चित्र झाकलं. ती माझा हात बाजूला करायला लागली.

"एवढी वर्षं नाय शिकले ते आता कशाला?" म्हणते. "तू शिकलीस ना? झालं." कधी चिडून, "मोठी मास्तरीण लागून गेली!" आणि भाजी घेऊन बसते. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भाकऱ्या झाल्या की, स्वतःच हात पुसून येऊन बसते. नियम तिचाच.

गेल्या आठवड्यात मी चित्रं कापून टाकली, नुसती अक्षरं ठेवली, आणि चित्रांची पट्टी भिंतीला लावली. एकेक कार्ड दाखवलं आणि आई बरोबर सांगायला लागली. आंबा. घर. मासा. एकामागून एक. वाटलं, उद्या ऑफिसात सांगेन, आईला अक्षरं यायला लागली. पुढचं कार्ड धरलं आणि सहज तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

ती कार्डाकडे बघत नव्हती. माझ्या डोळ्यांकडे बघत होती. कार्ड दाखवताना माझी नजर भिंतीवरच्या पट्टीकडे जायची, बरोबर त्याच चित्राकडे, आणि तिची नजर माझ्या मागोमाग.

"पास?" तिने विचारलं. हसत, मान तिरकी करून.

मान हलवणं किती सोपं होतं. तिला तेवढंच हवं होतं, आणि तिला तेवढं द्यायला जगात आता माझ्याशिवाय कोण आहे? पण या बाईला 'पास, फर्स्ट क्लास' एकदा सांगून झालेलं आहे. त्याचं काय झालं ते मी बघतेय.

मी भिंतीवरची पट्टी काढली. एक कार्ड घेतलं, तिच्या सहीतलं पहिलं अक्षर, जे ती कितीतरी वर्षं स्वतःच्या हाताने काढत आलीय. आणि ते माझ्या चेहऱ्यासमोर धरलं, तिला माझे डोळे दिसू नयेत असं. आता तिला फक्त अक्षर दिसत होतं आणि मला कार्डाची पांढरी पाठ.

ती बाजूला वाकून बघायला लागली, तसं मी कार्ड त्या बाजूला सरकवलं. दुसऱ्या बाजूला वाकली, मी दुसऱ्या बाजूला. मग तिची हालचाल थांबली.

"नाय येत," ती म्हणाली. तिच्या मानाने हळू.

इतक्या परीक्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी कार्ड खाली घेतलं नाही.